ड्रॅग स्पर्धेचं परीक्षण पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

"ताई, आमच्या स्पर्धेला परीक्षक म्हणून याल का?" असा फोन मला पहिल्यांदा आला तेव्हा मी दांडिया बाजारात माहेरच्या गणपतीची आरास करत होते. फोन करणारा मुलगा आमच्या हौशी नाटकमंडळीत प्रकाशयोजना सांभाळायचा. स्पर्धा ड्रॅग कलाकारांची, म्हणजे पोशाख आणि रंगभूषेने मंचावर बाईचं किंवा पुरुषाचं रूप साकारणाऱ्यांची होती. तिकिटांतून आणि देणगीतून जमणारे पैसे एचआयव्हीसह जगणाऱ्या मुलांसाठी जाणार होते. या मुलांची औषधं सरकारी एआरटी (एचआयव्हीवरच्या उपचाराच्या) केंद्रात मोफत मिळतात, पण तिथपर्यंतचं बसभाडं, सकस खाणं आणि शाळेचा खर्च घरावरच पडतो. मी लगेच हो म्हटलं. रंगभूषा करण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत, त्यामुळे पुरुषाचा चेहरा बाईचा कसा होतो हे मला कळतं, असा माझा समज होता. परीक्षण करायला बसल्यावर समजलं की चेहरा हा त्यातला लहानसा भाग असतो.

त्यानंतर बडोद्यात आणि बाहेर मिळून आणखी तीनदा मी या टेबलामागे बसले. आता नव्या परीक्षकांचे फोन येतात. कोणी भरतनाट्यम शिकवतं, कोणी फाइन आर्ट्सला शिकलेलं असतं, कोणाचं शिवणकामाचं दुकान असतं. त्यांना जे तोंडी सांगते तेच इथे क्रमाने लिहिते. त्यातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा: कागदावर लिहिलेल्या प्रत्येक आकड्यामागे तुम्ही स्वतः पाहिलेली एक गोष्ट असली पाहिजे, आणि ती त्या कलाकाराच्या डोळ्यांत बघून सांगता आली पाहिजे.

होकार देण्याआधी

आयोजकांना पहिला प्रश्न पैशांचा विचारा. संकोच करू नका, कारण कार्यक्रमाच्या फलकावर तुमचं नाव लागणार आहे. मदत कोणत्या संस्थेला जाणार? ती नोंदणीकृत आहे का? तिकिटाच्या शंभर रुपयांतले किती रुपये तिथपर्यंत पोचतील, आणि सभागृहाचं भाडं, ध्वनिव्यवस्था, बक्षिसं यांत किती जातील? खर्च होतोच, त्यात लपवण्यासारखं काही नाही, पण तो आधी सांगितलेला असावा. संस्थेकडे देणगीवरच्या आयकर सवलतीची (८०-जी) मान्यता असेल तर देणगीदाराला पावतीवर करसवलत मिळू शकते, मात्र २,००० रुपयांपेक्षा जास्त रोख दिले तर त्या रकमेवर ती मिळत नाही. म्हणून दाराशी पेटीबरोबर क्यूआर कोड आणि पावतीपुस्तक घेऊन बसलेला माणूस हवा. हे सगळं ठरलेलं असेल तर आयोजक गंभीर आहेत असं समजा.

मानधन घेऊ नका. रिक्षाभाडं घ्यायला हरकत नाही. आपल्याकडे शाल-श्रीफळाची पद्धत आहे. मी आधीच सांगून टाकते की माझ्या शालीचे पैसे पेटीत टाका.

दुसरा प्रश्न ओळखीचा. स्पर्धकांची यादी मागा आणि प्रामाणिकपणे बघा. भाचा, शेजारी, विद्यार्थी, ज्याला तुम्ही ब्लाउज शिवून दिलाय असा कोणी त्यात आहे का? एका वर्षी माझ्या हाताखाली रंगभूषा शिकलेला मुलगा स्पर्धेत होता. मी आयोजकांना कळवलं, आणि त्याच्या फेऱ्यांना माझ्याऐवजी राखीव परीक्षकाने गुण दिले. हे सांगायला लाज वाटत नाही. लपवलेलं नंतर बाहेर आलं तर मात्र त्या मुलाचा विजय डागाळतो.

तिसरं, कार्यक्रम कुठे आणि किती वाजता आहे ते बघा. परदेशात आणि मुंबई-बंगळुरातही ड्रॅगचे कार्यक्रम बऱ्याचदा बारमध्ये होतात. गुजरातेत दारूबंदी आहे, त्यामुळे इथे सभागृह, चहा आणि फरसाण. याचा मला फायदाच दिसतो: प्रेक्षक शुद्धीवर असतात आणि आजीसुद्धा नातवासोबत येऊन बसते. मोकळ्या जागेत कार्यक्रम असेल तर रात्री दहानंतर ध्वनिवर्धक बंद करावा लागतो. म्हणजे दहा स्पर्धक आणि तीन फेऱ्या असतील तर संध्याकाळी साडेपाचला सुरुवात हवी. उशीर झाला की आयोजक शेवटच्या स्पर्धकांची गाणी कापतात, आणि मग न्याय कसा करायचा? हे मी एकदा होताना पाहिलंय. पोलीस परवानगी हातात आहे ना, हेही विचारून घ्या.

ड्रॅग म्हणजे काय, हे आधी नीट समजून घ्या

ड्रॅग म्हणजे रंगमंचावर पोशाख, रंगभूषा, चाल आणि हावभाव यांतून स्त्रीत्व किंवा पुरुषत्व मुद्दाम वाढवून, सजवून उभं करणं. बाईचं रूप साकारणारी ती ड्रॅग क्वीन, पुरुषाचं रूप साकारणारा तो ड्रॅग किंग. हे करणारा माणूस समलैंगिक पुरुष असेल, ट्रान्स स्त्री (जन्मताना मुलगा मानली गेलेली स्त्री) असेल, किंवा यातलं काहीच नसेल. हिजडा समाजाची परंपरा आणि ड्रॅग या वेगळ्या गोष्टी आहेत. ट्रान्स स्त्रीसाठी स्त्री असणं हा पोशाख नाही. ते तिचं आयुष्य आहे, आणि २०१४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्वतःची लिंगओळख स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केला आहे. म्हणून "हा मुलगा" की "ही मुलगी" असा अंदाज बांधत बसू नका. रंगमंचावर रंगमंचीय नावाने आणि 'ती' म्हणून बोला (किंग असेल तर 'तो'), आणि खाली उतरल्यावर "तुम्हाला काय म्हणू?" असं सरळ विचारा. मी विचारलेलं कोणालाही आजवर खटकलेलं नाही.

आपल्या मराठी माणसाला यातलं बरंच काही परकं वाटायचं कारण नाही. बालगंधर्वांच्या नेसण्याची आणि केशरचनेची नक्कल घरंदाज बायका करायच्या, ही गोष्ट आपण आजीकडून ऐकलेली असते. गुजराती रंगभूमीवर जयशंकर भोजक स्त्रीभूमिकेमुळे 'सुंदरी' म्हणूनच ओळखले गेले आणि १९७१ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. भवाई या गुजराती लोकनाट्यात बायकांच्या भूमिका करणाऱ्या पुरुषाला कांचळियो म्हणतात. आणि स्त्रीपार्ट करणाऱ्याने चांगल्या कामासाठी पैसे उभे करणं हेही आपल्याकडे जुनंच आहे: ८ जुलै १९२१ ला मुंबईत बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनी टिळक स्वराज्य फंडासाठी 'मानापमान'चा संयुक्त प्रयोग केला, आणि त्यात भामिनी होते बालगंधर्व.

पण इथे एक सावधगिरी. त्या परंपरेच्या मापाने ड्रॅग मोजलं तर चूक होते. जुन्या स्त्रीपार्टात पुरुष विसरला जावा, ही अपेक्षा असायची. ड्रॅगमध्ये कलाकार कधी कधी मुद्दाम दाढी ठेवून, त्यावर चमकी लावून येतो आणि "मी बनवलेलं रूप आहे, बघा" असं सांगतो. पहिल्या वर्षी मी अशा एका स्पर्धकाला रंगभूषेत दहापैकी ४ गुण दिले, कारण दाढी झाकली नव्हती. ती माझी चूक होती. दाढी झाकायची नव्हतीच. तिच्यावरचं सोनेरी काम केसागणिक बसवलेलं होतं आणि मी त्याकडे पाहिलंच नाही. आता मी आधी विचारते, या कलाकाराला काय उभं करायचं आहे? मग ते किती उभं राहिलं, ते बघते.

ड्रॅगच्या स्पर्धांना अमेरिकेत मोठा इतिहास आहे. होसे सारिया या ड्रॅग कलाकाराने १९६५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत स्वतःला 'सम्राज्ञी' जाहीर केलं, आणि त्यातून उभ्या राहिलेल्या 'इम्पीरियल कोर्ट' परंपरेत मुकुट मिळाला की वर्षभर धर्मादाय कामासाठी पैसे जमवायचे, अशी रीत पडली. मिस गे अमेरिका स्पर्धा १९७२ ला सुरू झाली. १९८० च्या दशकात एड्सने माणसं मरत होती आणि सरकार हलत नव्हतं, तेव्हा ड्रॅग कलाकारांनी मदतीसाठी गल्ल्याचे डबे फिरवले. परीक्षकाने मात्र १९६७ ची गोष्ट विसरू नये. न्यूयॉर्कमधल्या एका राष्ट्रीय स्पर्धेत क्रिस्टल लबेजा ही कृष्णवर्णीय कलाकार मंचावरून निघून गेली आणि परीक्षण पक्षपाती असल्याचं उघड बोलली. पुढे तिच्या नावाचं कलाकारांचं घराणं उभं राहिलं आणि कृष्णवर्णीय व लॅटिन कलाकारांच्या स्वतंत्र 'बॉल' (त्यांच्या स्वतःच्या ड्रॅग स्पर्धांच्या) परंपरेला बळ मिळालं. लोकांना वेगळी स्पर्धा मांडावी लागते ती परीक्षकांवरचा विश्वास उडाल्यावर. आपल्या टेबलावर जात, रंग, इंग्रजी आणि वडिलांचा पैसा यांना गुण मिळतायत का, हे तपासत राहा.

नियम आणि गुणांची वाटणी

स्पर्धेच्या निदान आठवडाभर आधी नियमपत्रक मागून घ्या. फेऱ्या साधारण अशा असतात: बंद खोलीत मुलाखत, कला सादरीकरण, पोशाख किंवा गाउन, आणि मंचावरचा प्रश्न. आयोजकांनी विचारलं तर मी १०० गुणांची वाटणी अशी सुचवते: सादरीकरण ४०, पोशाख आणि रंगभूषा २५, मुलाखत २०, मंचावरचा प्रश्न १५. सादरीकरणाला कमी गुण असले तर स्पर्धा नुसती फॅशनची होते.

आता आकड्यांकडे बघा, कारण नवे परीक्षक इथेच चुकतात. समजा तीन परीक्षक आहेत. पहिल्या दोघांना पहिली स्पर्धक जास्त आवडली. दोघांनीही तिला दहापैकी ८ आणि दुसरीला ७.५ दिले. तिसऱ्याने पहिलीला ४ आणि दुसरीला ९ दिले. बेरीज झाली पहिलीची २० आणि दुसरीची २४. तिघांतल्या दोघांचं मत एक असूनही निकाल एकट्या तिसऱ्याने लावला. त्याने लबाडी केली असं नाही, त्याची मोजपट्टी लांब होती इतकंच. म्हणून सुरुवातीलाच सगळ्यांनी बसून ठरवा: ५ म्हणजे तयारी अपुरी, ७ म्हणजे नीट केलेलं काम, ९ म्हणजे घरी जाऊन सांगावंसं वाटेल असं, आणि ५ च्या खाली जायचं असेल तर कारण लेखी द्यायचं. पाच परीक्षक असतील तर प्रत्येक स्पर्धकाचा सर्वांत मोठा आणि सर्वांत छोटा आकडा वगळून बेरीज करा. किंवा गुणांवरून प्रत्येकाने क्रम काढावा आणि क्रमांची बेरीज करावी. कुठलीही पद्धत चालेल, फक्त पडदा उघडण्याआधी ठरलेली हवी. बरोबरी झाली तर कोणत्या फेरीचे गुण धरायचे, हेही आधीच ठरवा. मी सादरीकरणाचे धरते.

मुलाखतीच्या खोलीत

सगळ्यांना तेच प्रश्न, तितकाच वेळ. पाच मिनिटं पुरतात. तुमचं ड्रॅग कोणाकडून शिकलात, हे रूप कसं सुचलं, या मदतनिधीबद्दल तुम्हाला काय माहीत आहे, मुकुट मिळाला तर वर्षभर काय कराल. एवढंच. शरीराबद्दल, शस्त्रक्रियेबद्दल, खऱ्या नावाबद्दल, लग्नाबद्दल, घरच्यांना माहीत आहे का, असलं काही विचारायचं नाही. कोणी आपणहून सांगितलं तर शांतपणे ऐका आणि खोलीबाहेर नेऊ नका.

भाषेवर जरा थांबते. बडोद्यातले स्पर्धक घरी गुजराती बोलतात, काही मराठी, काही हिंदी, आणि बरेचजण आपल्यासारखे मिसळ करूनच बोलतात. तरी मुलाखतीत समोर परीक्षक बसले की मुलं इंग्रजीकडे धावतात आणि अडखळतात. सुरुवातीलाच सांगा, "तुम्हाला ज्या भाषेत हसता येतं, त्या भाषेत बोला." एखाद्या परीक्षकाला ती भाषा कळत नसेल तर शेजारचा समजावून सांगेल. मी एकदा मनातल्या मनात एका सफाईदार इंग्रजीला दोन गुण जास्त देऊन बसले होते. नंतर टिपण वाचलं तर त्या उत्तरात काहीच नव्हतं. शेजारच्या रकान्यात एका मुलीने गुजरातीत सांगितलेलं होतं की मदतनिधीचे पैसे ज्या केंद्राला जाणार तिथे ती दर शनिवारी मुलांचा गृहपाठ घेते. मी तिथेच आकडे दुरुस्त केले.

सादरीकरण बघताना

आधी एक काम करा. तालमीच्या वेळी किंवा प्रेक्षक येण्यापूर्वी सभागृहाच्या शेवटच्या रांगेत जाऊन उभे राहा. परीक्षकांचं टेबल मंचापासून सहा-सात फुटांवर असतं. तिथून विगची कडा, पावडरची भेग, उसवलेली हेम सगळं दिसतं, आणि प्रेक्षकाला यातलं काही दिसत नसतं. ड्रॅगची रंगभूषा लांबून वाचता यावी म्हणूनच भडक असते. जवळून भयंकर वाटणाऱ्या भुवया शेवटच्या रांगेतून चेहऱ्याला धरून ठेवतात.

बहुतेक सादरीकरणं लिप-सिंकची, म्हणजे वाजणाऱ्या गाण्यावर ओठ जुळवण्याची असतात. "नुसते ओठ हलवले" असं म्हणणाऱ्याने ते एकदा करून बघावं. मी काय बघते ते सांगते. प, फ, ब, म ही अक्षरं आली की ओठ मिटलेच पाहिजेत. तिथे उशीर झाला की कळतं, गाणं पाठ नाही. गायिका श्वास घेते तिथे कलाकाराची छाती हलते का? ओळ संपल्यावर शेवटचा स्वर तोंडात राहतो की लगेच सोडून दिला जातो? अंतऱ्याआधी जे नुसतं संगीत वाजतं, त्यात खरा कस लागतो. कच्चा कलाकार तिथे गोल फिरतो आणि केस मागे टाकतो. तयार कलाकार तिथेच गोष्ट पुढे नेतो: पत्र उघडतो, कोणाची तरी वाट बघतो, पदर सावरतो. नजर बाल्कनीपर्यंत जाते का, तेही बघा. लावणी असेल तर घुंगरू ठेक्यावर आहेत का, गरबा असेल तर घेर समेवर फुलतो का. थेट गाणाऱ्याला निव्वळ गातो म्हणून जास्त गुण देऊ नका. बेसूर गाण्यापेक्षा जिवंत लिप-सिंक बरा.

विनोद हा ड्रॅगचा प्राण आहे आणि तिरकस बोलणंही चालतं. पण प्रेक्षकांतल्या एखाद्या जाड बाईवर, कोणाच्या जातीवर, रंगावर किंवा अपंगत्वावर हशा मिळवला तर मी गुण कापते, मग सभागृह कितीही हसलेलं असो. या कार्यक्रमाची मदत ज्यांना जाते तेही असल्याच हशांचे मार खाऊन मोठे झालेले असतात.

ध्वनिमुद्रिका मध्येच बंद पडली तर? दोष यंत्राचा आहे. प्रमुख परीक्षकाने हात वर करावा, आणि कलाकाराला पुन्हा सुरुवातीपासून संधी द्यावी. विग सरकला, टाच मोडली, नथ पडली, तर तो भाग सादरीकरणाचाच. ती कशी निभावली त्याला गुण द्या. एका मुलीची चपलेची टाच पहिल्याच कडव्यात तुटली. तिने दुसरीही काढली, दोन्ही चपला नैवेद्याच्या ताटासारख्या हातात धरून आमच्या टेबलावर आणून ठेवल्या आणि अनवाणी नाचली. तिला त्या संध्याकाळी माझे सर्वांत जास्त गुण मिळाले.

क्रमाचाही विचार करा. पहिल्या स्पर्धकाला आपण हात राखून गुण देतो, पुढे काहीतरी भारी येईल म्हणून. शेवटी-शेवटी सभागृह तापलेलं असतं आणि आपणही उदार होतो. यावर माझा उपाय पेन्सिल. प्रत्येक सादरीकरणानंतर लगेच आकडा आणि शेजारी दोन ओळी लिहिते, फेरी संपली की पाच मिनिटं सगळी टिपणं ओळीने वाचते, हवा तिथे बदल करते आणि मग पेनने पक्कं करते. फेरी संपून कागद दिला की पुन्हा हात लावायचा नाही.

पोशाख आणि रंगभूषा

इथे माझं धंद्याचं ज्ञान कामी येतं म्हणून थोडं सविस्तर. दाढीची निळसर छाया झाकायला आधी नारिंगी किंवा लालसर करेक्टर (डाग झाकणारा रंग) लागतो, त्यावर बेस (त्वचेच्या रंगाचा थर). थेट बेस थापला तर दिव्याखाली चेहरा राखाडी दिसतो. भुवया गोंदाच्या कांडीने चिकटवून, पावडर लावून सपाट केलेल्या असतात आणि नवी भुवई वर काढलेली असते. घामाने ती सुटली नाही ना, ते नृत्यानंतर बघा. मान, कान आणि हातांचे पंजे चेहऱ्याच्या रंगाशी जुळतात का? गोरं दिसण्यासाठी दोन छटा उजळ बेस लावलेला असेल तर मी त्याला कधीही जास्त गुण देत नाही. सावळ्या रंगावर सोन्याची झळाळी जशी उठते तशी दुसरीकडे उठत नाही. पॅडिंग वापरलं असेल तर ते चालताना सरकू नये. नऊवारी असेल तर काष्टा पायांच्या हालचालीला मोकळीक देतो का, निऱ्या नीट पडतात का ते बघा. शिवलेली नऊवारी नेसली म्हणून गुण कापायची गरज नाही.

किंमत मोजू नका. एकीचा गाउन मुंबईहून शिवून आलेला असतो, दुसरीने मंगळ बाजारातून लेस आणि टिकल्या आणून जुन्या बांधणीवर रात्र-रात्र बसून काम केलेलं असतं. कापडाच्या दरापेक्षा माप, विचार आणि शेवटपर्यंत नेलेलं काम बघा.

दौलतजादा आणि गुण

तमाशात दौलतजादा असतो. इकडे गुजरातेत डायऱ्यात, म्हणजे लोकगीतांच्या मैफलीत, गायकावर नोटांचा पाऊस पडतो आणि तो पैसा पुष्कळदा गोशाळेला किंवा शाळेला जातो. त्यामुळे बडोद्याच्या प्रेक्षकाला ड्रॅग कलाकाराच्या हातात नोट द्यायला शिकवावं लागत नाही. या स्पर्धांत ती नोट कलाकाराची नसते, मदतनिधीची असते. ती मंचावरच पारदर्शक पेटीत पडली पाहिजे आणि प्रत्येक फेरीनंतर दोन माणसांनी मोजून सही केली पाहिजे.

या पैशांचा गुणांशी संबंध ठेवू नका. काही आयोजक म्हणतात, जिच्या नावाने जास्त देणगी, तिला जास्त गुण. मी त्याला विरोध करते. तसं केलं की ज्याच्या मामाचं अलकापुरीसारख्या श्रीमंत वस्तीत शोरूम आहे तो जिंकणार. देणगीवरून 'लोकांची पसंती' असं वेगळं बक्षीस ठेवा, हवं तर त्या विजेत्याच्या खांद्यावरची पट्टीही मोठी करा, पण मुकुट परीक्षकांच्या कागदावरूनच ठरू द्या. परीक्षकाने कार्यक्रम चालू असताना कोणालाही नोट देऊ नये. द्यायचंच असेल तर दारात शिरतानाच पाकीट पेटीत टाका.

लोकांची नावं आणि चेहरे

हे सगळ्यात जपायचं. प्रौढांमधले संमतीचे समलैंगिक संबंध गुन्हा न मानणारा, कलम ३७७ बाबतचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल ६ सप्टेंबर २०१८ ला आला, तरी घरं कोर्टाच्या वेगाने बदलत नाहीत. बडोदं तसं छोटं गाव आहे. रावपुऱ्यात दिसलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत कारेलीबागेत पोचते. एखाद्या स्पर्धकाची आई पहिल्या रांगेत बसलेली असते, आणि त्याच्या शेजारचा स्पर्धक "मित्राच्या साखरपुड्याला जातो" सांगून आलेला असतो. म्हणून परीक्षकाने मोबाइल पिशवीत ठेवावा. फोटो नाही, स्टेटस नाही, "आज आम्ही कुणाला पाहिलं माहितीये?" नाही. गुणपत्रकावर फक्त क्रमांक आणि रंगमंचीय नाव. रंगपटात न बोलावता जाऊ नका. तिथे लोक अर्धे कपडे उतरवलेले असतात आणि अर्धी ओळखही. बाजारात कोणी दिसलं तर त्यांनी ओळख दाखवली तरच दाखवा.

गुजरातेत समलैंगिक लोकांसाठी काम उभं करणं सोपं नव्हतं. राजपिपळ्याच्या राजघराण्यातले मानवेंद्रसिंह गोहिल यांनी २००० मध्ये एचआयव्ही प्रतिबंधासाठी लक्ष्य ट्रस्ट सुरू केला, आणि २००६ मध्ये त्यांनी आपण समलैंगिक असल्याचं जाहीर सांगितलं तेव्हा राजपिपळ्यात त्यांचे पुतळे जाळले गेले. राजपुत्राची ही कथा, मग भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या मुलाचं काय, हे परीक्षकाने मनात धरावं.

निकालाआधी आणि नंतर

कागद दिल्याशिवाय परीक्षकांनी आपसात बोलायचं नाही. बाजूच्याने "दुसरी काय भारी होती!" असं म्हटलं की आपला आकडा नकळत सरकतो. बेरीज परीक्षकाने करू नये. दोन वेगळ्या माणसांनी स्वतंत्रपणे करून ताळा घ्यावा आणि प्रमुख परीक्षकाने सही करावी. निकाल सांगताना तिसऱ्या क्रमांकापासून वर या, आणि मुकुटाआधी जमलेली रक्कम जाहीर करा. त्या क्षणी सगळे स्पर्धक मंचावर असतात, आणि ती रक्कम सगळ्यांची असते. काही दिवसांनी संस्थेची पोचपावती तिकीट घेतलेल्यांना पाठवली जाते का, याची चौकशी मी आठवणीने करते.

हरलेले स्पर्धक तुमच्याकडे येतील. येऊ द्या, पळू नका. "छान होतं, पुढच्या वर्षी नक्की" हे बोलू नका. त्याचा त्यांना काही उपयोग नाही. टिपणांची वही काढा. गेल्या खेपेला चौथी आलेली एक मुलगी विग हातात धरून माझ्यासमोर उभी राहिली, काजळ गालांवर उतरलेलं. "ताई, कुठे कमी पडले?" मी वाचून दाखवलं: दुसऱ्या कडव्यात नजर तीनदा खाली गेली. ती म्हणाली, "पदर पायात येत होता, पडेन म्हणून बघत होते." मग मी माझी पेटी उघडली, चार सेफ्टी पिना काढल्या आणि तिथेच दाखवलं, एक खांद्यावर, निऱ्यांना आतून दोन, आणि पदराचं टोक कमरेला आणून तिथे चौथी. ती सभागृहाच्या रिकाम्या पायऱ्यांवर दोन गिरक्या घेऊन आली. पदर हलला नाही. पिना तिने ठेवून घेतल्या.